गोदूताईंचं राजकारण आणि आपली ग्रामसभा

(१४ ऑगस्ट २००७ ला किनवट तालुक्यातल्या मेळाव्यात झालेलं भाषण. बोलण्यात जसं आलं तसंच, थोडं आवरून उतरवलं आहे. ज्यांना वाचता येतं त्यांनी गावात मोठ्यानं वाचून दाखवावं.)



माय-बापहो, भावांनो, बायांनो, आणि मागं दाराशी उभ्या राहिलेल्या पोरींनो, पुढं या. पुढं जागा आहे.

गेल्या महिन्यात, २५ जुलैला, प्रतिभाताई पाटील देशाच्या राष्ट्रपती झाल्या. त्या खुर्चीवर पहिल्यांदाच बाई बसली, आणि ती मराठी बोलणारी. हिंगोलीच्या खासदार सूर्यकांताताई पाटील दिल्लीत राज्यमंत्री आहेत. लातूरच्या खासदार रूपाताई पाटील निलंगेकर आहेत. त्यांनी २००४ ला शिवराज पाटील चाकूरकरांसारख्या मोठ्या पुढाऱ्याला पाडलं. ग्रामपंचायतीत १९९३ पासून तिसरा हिस्सा बायांचा आहे. मग कुणी म्हणंल, बाया आल्या की राजकारणात, आता अजून काय पायजे?

पण आपल्या गावातली सरपंच बाई आठवा. सही तिची, शिक्का तिचा, आणि मीटिंगला बोलतो तिचा नवरा. तहसीलला गेलं तर साहेब विचारतो, "सरपंच कुठं आहे?" आणि बाई समोर उभी असताना नवरा म्हणतो, "मीच हाय." असं असंल तर खुर्ची बाईची झाली, राजकारण नाही झालं.

म्हणून आज एका अशा बाईचं सांगते जिनं खुर्चीपासून सुरुवात केली नाही. तिचं नाव गोदावरी. आपल्या नांदेडावरून वाहते त्या गंगेचं नाव. गोदावरी परुळेकर. लोक गोदूताई म्हणायचे. आज त्यांची जन्मशताब्दी आहे. १४ ऑगस्ट १९०७ ला पुण्यात त्यांचा जन्म झाला. आज बरोबर शंभर वर्षं.

काही जणांनी मला विचारलं, पुण्याच्या बामणाच्या बाईची जयंती आपण आदिवासींनी कशाला करायची? आपल्याकडं काय माणसं नव्हती? जोडेघाटला कोमराम भीम होता. हा आपला किनवट तालुका भाषावार प्रांतरचनेच्या आधी आदिलाबाद जिल्ह्यातच होता. १९४० साली भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळीनं पडला, तो आपल्या घरातला माणूस होता. प्रश्न खरा आहे. त्याचं उत्तर मी पुढं देते. आधी बाई कोण होती ते ऐका.

गोदूताईंचे वडील लक्ष्मणराव गोखले पुण्यातले नामांकित वकील. घरात काही कमी नव्हतं. पोरगी फर्ग्युसन कॉलेजात शिकली, मग कायदा शिकली. महाराष्ट्रात कायद्याची पदवी घेणाऱ्या पहिल्या बायांत त्यांचं नाव घेतात. काळा कोट घालून कोर्टात उभी राहिली असती तर आयुष्यभर सुखात राहिली असती. पण तेव्हा स्वातंत्र्याची चळवळ पेटलेली. १९३२ च्या सत्याग्रहात त्या तुरुंगात गेल्या. वडलांना हे पटलं नाही. म्हणून गोदूताईंनी घर सोडलं आणि मुंबई गाठली. पोरींनो, हे लक्षात ठेवा. ज्या बाईला आपण पुढारी म्हणतो, तिला पहिलं भांडण घरातच करावं लागलं.

मुंबईत त्या भारत सेवक समाजाच्या कामात शिरल्या. नामदार गोखल्यांनी १९०५ साली काढलेली ही संस्था. तिच्यात आजीव सदस्य झालेली पहिली बाई म्हणजे गोदूताई. तिथं त्यांनी मोठ्या माणसांना अक्षर शिकवण्याची मोहीम चालवली. लोकांच्या घरी भांडी घासणाऱ्या, धुणं धुणाऱ्या गड्या-बायांची संघटना बांधली. तेव्हा १९३८ साल होतं. घरकाम करणाऱ्याला कामगार म्हणायचं, हे आज २००७ सालीसुद्धा कितीतरी लोकांच्या डोक्यात शिरत नाही.

मग शामराव परुळेकर भेटले. तेही त्याच समाजात काम करत होते. १९३९ ला लग्न झालं. दोघं कम्युनिस्ट पक्षात गेले. हे लपवायचं कारण नाही. आपल्या संघटनेत सगळ्या पक्षांना मत देणारे लोक बसलेत, ते आपापलं बघतील. पण ज्या बाईचं सांगायचं तिचं खरं सांगायचं. ती लाल बावट्याची बाई होती, शेवटपर्यंत.

आता ठाणे जिल्ह्यात चला. आपल्याकडून लांब आहे, समुद्राच्या बाजूला. डहाणू, उंबरगाव, पालघर या भागात वारली लोक राहतात. आपल्यासारखेच जंगलातले. जमीन एकेकाळी त्यांचीच होती. सावकार आला, जमीनदार आला, कागद आला, आणि जमीन गेली. ज्याची जमीन त्यालाच खंड भरून ती कसावी लागायची. वरून वेठ. म्हणजे जमीनदारानं बोलावलं की आपलं शेत सोडून त्याच्या शेतावर फुकट राबायचं. आपल्या म्हाताऱ्यांना हे सांगावं लागत नाही. निजामाच्या राज्यात इकडं वेट्टी होतीच. मुकादमाची हाक आली की जेवतं ताट सोडून उठायचं.

वारल्यांत अजून एक प्रकार होता, लग्नगडी. पोराच्या लग्नाला जमीनदाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायकोनं त्याच्याकडं राबायचं. ते फिटायचेच नाहीत. हिशोब जमीनदाराच्या वहीत, आणि वही वारल्याला वाचता येत नाही. जन्म तिथंच जायचा. बाई तर जमीनदाराला आपली मालमत्ताच वाटायची. त्यावर मी जास्त बोलत नाही, इथं बसलेल्या बायांना समजलं.

जानेवारी १९४५ ला टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तिथं थोडे वारली आले होते. त्यांच्यात झरी गावचा माह्या धांगडा होता. तो मंचावर चढला आणि आपल्या मुलखात काय चाललंय ते त्यानं सांगितलं. त्यानंतर परुळेकर नवरा-बायको त्या भागात गेले.

आता मघाचा प्रश्न. बाहेरची बाई कशाला? तर पहिली गोष्ट ही, की बाई आपल्या मनानं उद्धार करायला आली नव्हती. वारली माणूस परिषदेत जाऊन उभा राहिला, त्यानं तोंड उघडलं, मग ती आली. आधी माह्या धांगडा, मग गोदूताई. इतिहास सांगताना लोक हा क्रम उलटा करतात. आपण करायचा नाही.

दुसरी गोष्ट. गोदूताईंनी डाक बंगल्यात मुक्काम टाकला नाही. पाड्या-पाड्यावर पायी फिरल्या. वारल्यांच्या झोपडीत राहिल्या, जे असंल ते खाल्लं. त्यांची भाषा कानावर घेतली. आधी लोक जवळ यायला भीत होते. पांढरपेशा बाई आली म्हणजे सरकारचीच असणार, असं वाटायचं. हळूहळू बसायला लागले, बोलायला लागले. पुढं तर तिला गोदाराणी म्हणायला लागले.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. बाई वकिलीण होती. तिनं वारल्यांचे अर्ज लिहून साहेबाकडं नेले असते तर दहा-वीस लोकांचं काम झालं असतं. बाकीचे दारात ओळ लावून बसले असते, बाई आमचाही अर्ज लिहा म्हणून. तिनं वेगळं केलं. २३ मे १९४५ ला झरी गावी वारल्यांची सभा झाली. पाच हजारांच्या आसपास लोक जमले. तिथं लोकांनी मिळून ठरवलं. जमीनदाराच्या शेतावर फुकट राबायचं नाही. दिवसाला १२ आणे मजुरी मिळाल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही. कुणी मारायला आलं तर एकट्यानं मार खायचा नाही, सगळ्यांनी मिळून सामोरं जायचं. आणि एकी मोडायची नाही.

१२ आणे म्हणजे किती, पोरांना माहीत नसंल. १६ आण्यांचा रुपया. १२ आणे म्हणजे पाऊण रुपया. आज हसू येतं. पण ज्या माणसाला कालपर्यंत फुकट राबवत होते, त्यानं "पाऊण रुपया दे, नाहीतर येत नाही" म्हणणं सोपं नव्हतं. जमीनदारानं हाक मारली आणि कुणी गेलंच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक, पुन्हा कुणी नाही. कितीतरी पिढ्यांची वेठ थोड्या आठवड्यांत मोडून पडली. त्यासाठी नवा कायदा आला नव्हता. कुणी "नाही" म्हणत नव्हतं म्हणूनच ती चालली होती. लग्नगडीसुद्धा सुटले.

बायांनो, याला राजकारण म्हणतात. निवडणूक हा त्याचा एक भाग. पण ज्या दिवशी पाच हजार माणसं एकच "नाही" म्हणतात, त्या दिवशी खरं मतदान होतं.

मग जमीनदार गप बसले का? नाही. पावसाळा संपला, गवत कापायचे दिवस आले. वारल्यांनी मजुरीचा दर मागितला, ५०० पौंड गवताला अडीच रुपये. संप झाला. तेव्हा एक डाव खेळला गेला. १० ऑक्टोबर १९४५. पाड्यापाड्यावर निरोप फिरला की तलवाड्याला सभा आहे, गोदूताईंच्या जिवाला धोका आहे, सगळ्यांनी या. निरोप खोटा होता. जमीनदारांच्या माणसांनी पसरवलेला. हजारो वारली जमले. बाई येईल म्हणून वाट बघत बसले, उठायला तयार नव्हते. पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण मेले. त्यातल्या एकाचं नाव जेठ्या गांगड. आजसुद्धा तिकडं दरवर्षी १० ऑक्टोबरला हुतात्म्यांना मानवंदना देतात.

हा भाग मी मुद्दाम सांगितला. लोकांचा बाईवर एवढा जीव होता की तिच्या नावाच्या खोट्या निरोपावर ते गोळीसमोर बसून राहिले. एका माणसावर सगळी चळवळ टांगली की शत्रूला फक्त एक नाव वापरावं लागतं. निरोप कुणी आणला, कुणाकडून आला, कमिटीनं दिला का, हे विचारल्याशिवाय हलायचं नाही. आज आपल्याकडंही खोटे निरोप फिरायलेत. त्यावर येतेच.

त्या गोळीबारानंतर लोक फुटतील असं सरकारला वाटलं. परुळेकरांना जिल्हाबंदी केली. बाई जिल्ह्यात नाही, नवरा नाही, तरी संप चालू राहिला. इथं माझं अर्धं उत्तर झालं. बाहेरची बाई बाहेर काढली, तरी आतली माणसं उभी राहिली. पुढच्या वर्षी, १९४६ ला, जंगलातली झाडं तोडणाऱ्यांचा संप झाला. लाकडाच्या व्यापाऱ्यांना शेवटी किसान सभेशी बसून बोलावं लागलं, आणि दिवसाला कमीत कमी सव्वा रुपया मजुरी कबूल करावी लागली. आपण तेंदूपत्त्याच्या हंगामात शेकडा पुड्यांच्या दरासाठी ठेकेदाराशी भांडतो, ते भांडण नवीन नाही. आपल्या आधी आपल्यासारख्यांनीच ते जिंकलेलं आहे.

पण एक गोष्ट सरळ सांगते. वेठ गेली, मजुरी आली, जमीन मात्र लगेच आली नाही. कूळ कायदा १९४८ ला आला. १ एप्रिल १९५७ ला कुळं मालक झाली असं कागदावर ठरलं. काहींना जमीन मिळाली, काहींची कुळं कागदावरून आधीच उडवली होती. आणि जंगलातल्या जमिनीचा प्रश्न तसाच राहिला. वारली आजही वनजमिनीसाठी मोर्चे काढतात. म्हणजे मजुरीची लढाई वर्षा-दोन वर्षांत जिंकता येते, जमिनीच्या लढाईला दोन-तीन पिढ्या लागतात. म्हणून ही लढाई एका पुढाऱ्याच्या आयुष्यात मावत नाही.

गोदूताईंचं पुढचं आयुष्य थोडक्यात सांगते. कितीदा तुरुंग, कितीदा भूमिगत. तुरुंगातल्या दिवसांवर त्यांचं पुस्तकच आहे, त्याचं नाव ‘बंदिवासाची आठ वर्षे’. आठ वर्षं, बायांनो. लेकराला पहिलीत घातलं तर ते तोवर आठवी पास होतं. १९५७ ला शामराव ठाण्यातून खासदार झाले. तेच शामराव १९६५ ला तुरुंगातच वारले, चोरी केली नव्हती, सरकारला त्यांची भीती वाटत होती म्हणून कोंडलेले. बाई विधवा झाली, आणि कामावर परत गेली. तलासरीला आदिवासी प्रगती मंडळाचं काम केलं, लेकरांच्या शिक्षणाची सोय केली. १९७० ला ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक आलं. त्यात हा सगळा वारल्यांचा लढा आहे. त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुस्तकाचं नाव बघा. ‘मी माणसाला जागं केलं’ असं नाव नाही. माणूस जागा होतो. आपला आपण.

१९८६ ला त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या. ही सभा १९३६ ला लखनौला स्थापन झाली होती. तिथं अध्यक्ष व्हायला बाईला पन्नास वर्षं लागली, आणि गोदूताईंचं वय तेव्हा ऐंशीच्या जवळ होतं. शेतात निम्म्याहून जास्त काम बाई करते, आणि शेतकऱ्यांच्या संघटनेत अध्यक्ष व्हायला अर्धं शतक. हे फक्त तिकडचं नाही. आपल्या संघटनेच्या कमिटीत बाया किती आहेत ते जाताना मोजून जा.

८ ऑक्टोबर १९९६ ला गोदूताई गेल्या. त्याच वर्षी डिसेंबरात पेसा कायदा आला, ज्यानं अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला अधिकार दिले. किनवट-माहूरची बरीच गावं त्यात आहेत. बाईनं तो बघितला नाही.

अजून एक. आपल्या लातूरकरांना सोलापूर जवळ आहे. तिथं विडी वळणाऱ्या बायांची १०,००० घरांची वसाहत झाली, गेल्याच वर्षी सप्टेंबरात पंतप्रधानांच्या हातून घरं मिळाली. त्या वसाहतीला नाव गोदूताईंचं आहे. आपण पान तोडतो, त्या पान वळतात. आपल्यासारख्याच कष्टाच्या बायांनी आपल्या दारावर लावायला हे नाव निवडलं.

आता माझं उरलेलं अर्धं उत्तर. बाहेरची बाई आपण का आठवायची? कारण तिनं मागं काय ठेवलं ते बघा. वारल्यांतूनच पुढारी तयार झाले. लहानू कोम हे वारली कार्यकर्ते १९७७ ला डहाणूतून लोकसभेत गेले. ज्या समाजाला हिशोबाची वही वाचता येत नव्हती, त्यातला माणूस तीस-बत्तीस वर्षांत दिल्लीच्या सभागृहात बसला. चांगला पुढारी ओळखायचा तो असा, की तो गेल्यावर मागं किती बोलणारी तोंडं राहिली. मला बाईच्या फोटोला हार घालण्यात रस नाही. मला या पोरींतून पाच-दहा गोदूताई पायजेत, ज्यांना पुण्याहून यावं लागणार नाही.

आता आपल्याकडं या.

मे २००२ ला दिल्लीहून हुकूम निघाला होता, जंगलातली अतिक्रमणं काढा म्हणून. फारेस्टवाले आले, उभ्या पिकात जनावरं घातली, कुठं चर खोदले. त्या वेळी पुढं कोण उभं राहिलं? बाया. बाप्ये केसच्या भीतीनं रानात गेले होते, आणि बाया लेकरं कडेवर घेऊन शेतात बसल्या. मी तेव्हा शाळेत होते, पण हे बघितलेलं आहे. नंतर पंचनामा झाला तेव्हा कागदावर नावं कुणाची आली? बाप्यांची. शेत राखलं बाईनं, कागद झाला बाप्याचा.

आता डिसेंबर २००६ ला वनहक्काचा कायदा संसदेनं केला. नियम अजून लागू व्हायचे आहेत, लवकरच होतील. कायद्यात काय आहे, पुन्हा सांगते.

एक. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जी वनजमीन आदिवासी स्वतः कसतो त्या जमिनीवर त्याचा हक्क. कुटुंबाला जास्तीत जास्त चार हेक्टर, म्हणजे दहा एकराला थोडी कमी.

दोन. ज्यांचं लग्न झालंय त्यांच्या पट्ट्यावर नवरा आणि बायको दोघांची नावं येणार. ही मेहरबानी नाही, कायद्यात लिहिलंय. ज्या घरात बाई एकटीच कर्ती आहे, विधवा असो की सोडलेली, तिथं एकटीचं नाव. पट्टा वारसांना जातो, पण विकता येत नाही. म्हणजे दारूच्या नादात कुणी लिहून देतो म्हटला तरी देता येणार नाही.

तीन. मोह, तेंदू, डिंक, चारोळी, बांबू, गुरं चारायचं रान, यावर गावाचा सामूहिक हक्क.

चार. कोणाचा दावा खरा, हे ठरवायची सुरुवात ग्रामसभेत होणार. तहसीलला नाही, फारेस्टच्या नाक्यावर नाही. आणि ग्रामसभा म्हणजे काय ते सांगताना कायदा म्हणतो, बायांचा पूर्ण आणि विनाअडथळा सहभाग. जिथं बायांना मागं बसवलं, ती ग्रामसभा या कायद्यानं पुरी होत नाही.

लातूरकडच्या आपल्या भावा-बहिणींकडं जंगल कमी आहे, त्यांच्यातले बरेच गायरान कसतात. हा कायदा वनजमिनीचा आहे, गायरानाचा हिशोब वेगळा आहे. म्हणून त्यांनी वेगळी यादी करायची, आणि दोन्ही लढे एकत्र ठेवायचे. ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याचं दुखणं एकच.

मघाशी खोट्या निरोपाचं म्हणाले होते. ऐका. काही माणसं गावात फिरून म्हणायलेत, "पैसे द्या, पट्टा काढून देतो." अजून अर्जाचा नमुनासुद्धा लागू झालेला नाही. कसला पट्टा काढतात? कुणाला एक रुपया द्यायचा नाही. दुसरे म्हणायलेत, "अर्ज केला तर तुम्ही अतिक्रमण कबूल केलं असं होईल, आत टाकतील." हेही खोटं. तिसरे म्हणायलेत, "बाईचं नाव लावलं तर माहेरचे भाऊ जमीन मागायला येतील." हे तर सगळ्यात खोटं, आणि हे बाहेरचे नाही, आपल्याच घरातले म्हणायलेत. तलवाडा विसरू नका. निरोप आला की विचारायचं, कुणाचा?

पुरावा कुठून आणायचा, हे पुष्कळ जण विचारतात. दंडाच्या जुन्या पावत्या, केसचे कागद, पंचनामे हे तर शोधाच. पत्र्याच्या पेटीत, चुलीवरच्या फळीवर, जिथं असंल तिथं. पण जो कागदावर नाही तो पुरावा बायांच्या डोक्यात आहे. कोणतं वावर कधी फोडलं, हे बाप्याला विचारलं तर तो अंदाज सांगतो. बाईला विचारलं तर ती म्हणते, "बहात्तरच्या दुष्काळाच्या पुढल्या साली, थोरला पोटात होता." आता थोरल्याचा शाळेचा दाखला काढा, साल सापडलं. बांध कुणी घातला, आंब्याची कोय कुणी लावली, विहिरीचा पहिला घागरभर पाणी कुणी काढलं, हे सगळं बायांना माहीत असतं. ग्रामसभेत जाणती माणसं बोलतील तेव्हा त्यात जाणत्या बाया असल्या पायजेत. कागदावर त्यांचा अंगठा आला पायजे.

उद्या १५ ऑगस्ट. झेंडा वंदन झाल्यावर गावोगाव ग्रामसभा होते. बऱ्याच ठिकाणी रजिस्टर घरोघर फिरवून अंगठे घेतात आणि सभा झाली असं लिहितात. उद्या तसं होऊ द्यायचं नाही. मी तीन कामं सांगते.

पहिलं. ग्रामसभेच्या आधी बायांची सभा घ्यायची असा पंचायतीचा नियमच आहे. ती आज रात्रीच घ्या. देवळात, समाजमंदिरात, कुणाच्या अंगणात. वनजमीन कसणाऱ्या प्रत्येक घराचं नाव लिहा, आणि नवऱ्याच्या नावाशेजारी बायकोचं नाव त्याच ओळीत लिहा. खाली नाही, कंसात नाही. शेजारी.

दुसरं. उद्या सभेत ठराव मांडा की नियम लागू झाल्याबरोबर गावाची वनहक्क समिती ग्रामसभेतच निवडली जाईल, सरपंचाच्या घरी बसून यादी होणार नाही, आणि त्या समितीत बाया असतील. ठराव बाईनं मांडायचा, दुसऱ्या बाईनं अनुमोदन द्यायचं. बोलता येत नाही म्हणाल तर आज रात्री चार वेळा घरात म्हणून बघा. ग्रामसेवकानं लिहिला का ते शिकलेल्या पोरींनी रजिस्टर हातात घेऊन वाचायचं. वाचल्याशिवाय अंगठा नाही.

तिसरं. पोळ्याच्या आधी प्रत्येक पाड्यानं आपल्या जुन्या कागदांची झेरॉक्स काढून दोन ठिकाणी ठेवायची. एक घरी, एक कमिटीकडं. मूळ कागद कुणाच्याही हातात द्यायचा नाही. साहेब मागो, पुढारी मागो, मी मागितला तरी नाही.

बाप्यांना एकच सांगते. उद्या आपल्या घरातली बाई सभेत उठून बोलली तर घरी आल्यावर तिला बोलू नका. तिनं तुमचीच जमीन राखली आहे. आणि सभा चालू असताना लेकरू रडायला लागलं तर ते तुम्ही बाहेर घेऊन जा. एवढं केलं तरी पुष्कळ झालं.

वारल्यांनी झरीला १२ आणे मागितले तेव्हा त्यांच्याकडं कायदा नव्हता, फक्त एकी होती. आपल्याकडं आज कायदा आहे. एकी किती आहे ते उद्या सकाळी कळंल. बायांनी उद्या पुढच्या ओळीत बसावं. जागा कुणी दिली नाही तर लवकर जाऊन बसावं.

जय सेवा. जिंदाबाद.

(बुलेटिनकडून : ज्या गावांची १५ ऑगस्टची ग्रामसभा माणसं कमी पडल्यानं तहकूब झाली, त्यांनी तहकूब सभेची तारीख ग्रामसेवकाकडून लेखी घ्यावी आणि वरची तीन कामं त्या सभेत करावीत. ठरावाची नक्कल मिळाली की एक प्रत आपल्या कमिटीकडं पोचवावी.)